सोने, निळा रंग आणि अलाबास्टर : जॉन गुडयरच्या वेदीपटाचे प्रकरण

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील सान्तियागो दे कोम्पोस्तेला येथील कॅथेड्रलच्या दप्तरात २५ मे १४५६ या तारखेची एक नोंद आहे. इंग्लंडहून आलेल्या जॉन गुडयर नावाच्या धर्मगुरूने त्या दिवशी कॅथेड्रलला एक वेदीपट अर्पण केला आणि तो कसा आहे हे लेखनिकाने मोजक्या शब्दांत टिपून ठेवले : लाकडाचा, अलाबास्टरच्या आकृती असलेला, सोन्याने आणि निळ्याने रंगवलेला, संत याकोबाची कथा सांगणारा. याकोब हा ख्रिस्ताचा प्रेषित; त्याचा देह सान्तियागोत आला या श्रद्धेपोटी तिथे यात्रा भरते. वेदीपट आजही त्याच कॅथेड्रलच्या संग्रहात आहे.

वेदीपट म्हणजे ख्रिस्ती मंदिरात वेदीच्या मागे, मिस्सा अर्पण करणाऱ्या धर्मगुरूच्या आणि उपासकांच्या नजरेसमोर उभा केलेला चित्रांचा किंवा शिल्पांचा पट. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून सोळाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत इंग्लंडच्या मध्य भागात असे पट अलाबास्टर या मऊ दगडात कोरण्याचा धंदा भरभराटीत होता आणि तिथला माल आइसलंडपासून इटलीपर्यंत जात होता. त्यातले पुष्कळ फलक आज निरनिराळ्या संग्रहालयांत आहेत. परंतु ते कोणी दिले, कोणत्या दिवशी दिले, कोणत्या देवालयाला दिले हे तिन्ही ठाऊक आहे आणि वस्तूही दिली त्याच ठिकाणी आहे, असे फारच थोड्यांबद्दल म्हणता येते. गुडयरच्या देणगीचे महत्त्व ती सर्वांत सुंदर आहे म्हणून नाही. तिच्याबरोबर कागद आहे, म्हणून ते आहे. त्या कागदावरचा एकेक शब्द वस्तूशी ताडून पाहिला, तर एका अख्ख्या धंद्याचे व्यवहार उलगडतात. म्हणून प्रस्तुत अभ्यासात तीच पद्धत धरली आहे, क्रम मात्र नोंदीचा नाही.

नाव आणि गाव

लेखनिकाच्या कानाला इंग्रजी नावे परकी होती. त्याने गुडयरचे ‘गुडगुआर’ केले आणि त्याच्या गावासाठी ‘चेलिनविंतूर’ असा एकसंध शब्द लिहिला. हा शब्द फोडला की अर्थ लागतो : विंचेस्टर धर्मप्रांतातले चेल. शीवचे ‘सायन’ आणि ठाण्याचे ‘टॅना’ करणाऱ्या इंग्रजांच्या गावाचे नाव एका स्पॅनिश कारकुनाने असे वाकवलेले पाहून मराठी वाचकाला थोडी गंमत वाटल्यास नवल नाही.

चेल हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोरील आइल ऑफ वाइट या बेटावरचे लहान गाव. बेट त्या काळी विंचेस्टरच्या बिशपच्या अखत्यारीत होते आणि गुडयर हा चेलच्या धर्मग्रामाचा रेक्टर, म्हणजे प्रमुख धर्मगुरू होता. गाव बेटाच्या थेट दक्षिणेकडच्या, खुल्या समुद्राकडे तोंड केलेल्या किनाऱ्यावर आहे. गलबते फुटण्याबद्दल हा किनारा कुप्रसिद्ध होता. १३१३ मध्ये फ्रान्समधून दारूची पिंपे घेऊन येणारे एक जहाज चेलजवळच फुटले, किनाऱ्यावर लागलेला माल स्थानिकांनी लांबवला आणि त्या प्रकरणात गुंतलेल्या वॉल्टर दे गोडेटन या जमीनदाराला प्रायश्चित्त म्हणून गावामागच्या टेकडीवर प्रार्थनागृह आणि दीपस्तंभ बांधावा लागला. त्याचा अष्टकोनी मनोरा अजून उभा आहे. गुडयरच्या काळी चेलच्या माणसाला समुद्र म्हणजे काय हे सांगावे लागत नसे, एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

दगड

अलाबास्टर हा शब्द दोन वेगळ्या दगडांसाठी वापरला जातो. प्राचीन इजिप्तमधल्या भांड्यांचे अलाबास्टर हे कॅल्साइट, म्हणजे संगमरवराच्या कुळातले. इंग्लंडचे अलाबास्टर मात्र जिप्सम, म्हणजे पाणीयुक्त कॅल्शियम सल्फेट. जिप्समचे काठिण्य दहाच्या श्रेणीत केवळ २ आहे. माणसाच्या नखाने त्यावर चरा उठतो. खाणीतून काढलेला ठोकळा सुताराच्या हत्यारांनीही कापता येतो, बारीक घडी, बोटांची पेरे, दाढीच्या बटा त्यात सहज उतरतात आणि घासून झिलई दिली की आतून किंचित उजेड येतो आहे असे वाटणारी मेणासारखी कांती मिळते. दोष दोन. तो पाण्यात थोडासा विरघळतो, म्हणून इंग्लंडच्या पावसात उघड्यावर ठेवण्याजोगा नाही. आणि त्याच्यात लोहाच्या तांबूस शिरा असतात; निखळ पांढरा ठोकळा दुर्मीळ.

हाच दगड भाजून त्यातले बरेचसे पाणी उडवले की प्लास्टर ऑफ पॅरिस होते. पेण-हमरापूरच्या कारखान्यांत साच्यातून निघणारा गणपती आणि सान्तियागोचा संत याकोब मूळ द्रव्याने एकाच जातीचे आहेत : एक भुकटीतून पुन्हा घट्ट झालेला, दुसरा ठोकळ्यातून कोरलेला. हे साम्य केवळ रसायनापुरते नाही, याचा प्रत्यय पुढे रंगाच्या वेळी येईल.

डर्बीजवळचे चेलॅस्टन आणि स्टॅफर्डशरमधील टटबरीच्या आसपासचा परिसर या मुख्य खाणी. दगडाला मान मिळाला तो राजघराण्यामुळे. १३२७ मध्ये मृत्यू पावलेल्या दुसऱ्या एडवर्डच्या ग्लॉस्टर येथील समाधीवर त्याची निजलेली आकृती अलाबास्टरमध्ये कोरली गेली आणि मग सरदार, बिशप, श्रीमंत व्यापारी यांनी तोच दगड मागायला सुरुवात केली. समाध्यांच्या मागणीवर खाणी चालल्या. कारागीर तयार झाले. आणि त्याच हातांनी पुढे वेदीपट, संतांच्या सुट्या मूर्ती आणि घरगुती पूजेचे लहान फलक होऊ लागले.

नोंदीत नसलेला माणूस

लेखनिकाने देणगीदार लिहिला, द्रव्य लिहिले, रंग लिहिले, विषय लिहिला. शिल्पकार लिहिला नाही. त्याने चूक केली असे म्हणता येत नाही. बहुधा हा प्रश्नच त्याच्या मनात आला नसावा आणि कदाचित गुडयरच्याही नाही. कारागिरांचा पत्ता लागतो तो त्यांच्या कामावरून नव्हे, तर हिशेब, करार आणि फिर्यादींवरून.

१३६७ मध्ये नॉटिंगहॅमच्या पीटर मेसनने विंडसरच्या राजकिल्ल्यातील सेंट जॉर्ज चॅपेलसाठी अलाबास्टरचा भव्य वेदीपट केला. त्याची किंमत ३०० मार्क, म्हणजे २०० पौंड ठरली होती. तो नॉटिंगहॅमहून विंडसरला नेण्यासाठी दहा गाड्या, ऐंशी घोडे आणि वीस माणसे लागली आणि वाटेत सतरा दिवस गेले. तो पट आज अस्तित्वात नाही. उरला आहे तो वाहतुकीचा खर्च. १४१४ मध्ये फ्रान्समधील फेकां येथील मठाने आपल्या गवंडी-प्रमुखाला, आलेक्सांद्र दे बर्नव्हालला, दगड खरेदीसाठी इंग्लंडला धाडले, तेव्हा त्याने चेलॅस्टनच्या थॉमस प्रेंटिसकडून माल घेतला. हाच प्रेंटिस आणि त्याचा सोबती रॉबर्ट सटन यांनी १४१९ मध्ये नॉर्थम्प्टनशरमधील लोविक येथे राल्फ ग्रीनच्या समाधीचे काम ४० पौंडांना पत्करले. तो करारही शिल्लक आहे आणि समाधीही; आणि दोन्ही समोरासमोर ठेवता येणे हे या धंद्याच्या इतिहासात किती विरळा, हे सांगायला नको.

माझ्या मते सर्वांत बोलका कागद १४९१ चा आहे. नॉटिंगहॅमच्या निकोलस हिल या मूर्तिकाराने आपला माल विकणाऱ्या माणसावर पैशांसाठी फिर्याद केली. माल काय होता, तर बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची ५८ शिरे, त्यांतली काही लाकडी देवघरांत बसवलेली. हेरोदच्या मेजवानीत तबकात आणलेले योहानाचे छिन्न शिर हा घरात ठेवून प्रार्थना करण्याचा लोकप्रिय विषय होता. अठ्ठावन्न नग एकाच विक्रेत्याकडे गेले, ही गोष्ट नीट मनात घेतली पाहिजे. राजासाठी दहा गाड्यांचा पट घडवणारी परंपरा आणि फेरीवाल्याला डझनांनी माल देणारा कारखाना ही एकाच धंद्याची दोन टोके होती.

गुडयरचा पट या दोन टोकांच्या मधे बसतो. पाच फलकांची मांडणी हा त्या काळचा रूढ नमुना होता. मात्र संत याकोबाच्या चरित्राचे पाचही फलक हा काही नेहमीचा माल नव्हे. ख्रिस्ताचे दुःखसहन आणि मरियेचे आनंद हे दोन विषय सर्वत्र खपत, त्यांचे फलक शेकड्यांनी उरले आहेत. याकोबाची कथा मात्र कोणीतरी मुद्दाम सांगून करवून घेतली असणार, आणि ती कुठे जाणार हे सांगणाऱ्याला ठाऊक असणार. एका बेटावरच्या गावातल्या धर्मगुरूची यात्रेची तयारी निघण्याच्या बऱ्याच आधी सुरू झाली होती, असा माझा निष्कर्ष आहे.

पट कोणत्या गावी कोरला गेला हे छातीठोकपणे सांगू नये. एके काळी इंग्लंडचे प्रत्येक मध्ययुगीन अलाबास्टर ‘नॉटिंगहॅमचे’ म्हणून दाखवले जाई, जशी प्रत्येक जुनी काठापदराची साडी विक्रेत्याच्या तोंडी पैठणी होते. नॉटिंगहॅम हे प्रमुख केंद्र होतेच. पण यॉर्क, बर्टन, खुद्द चेलॅस्टन येथेही कोरणारे होते, आणि दगडही तोच, नमुनेही तेच. ‘इंग्लंडच्या मध्य भागातले काम’ एवढे म्हणणे प्रामाणिकपणाचे.

‘सोने आणि निळा’

नोंदीतला हा भाग वाचून आजचा प्रेक्षक चमकतो. संग्रहालयात आपण पाहतो तो पांढरा, मेणासारखा दगड, आणि त्याच्या शुभ्रतेवर भाळतो. १४५६ च्या लेखनिकाने शुभ्रतेचा उल्लेखच केलेला नाही. त्याला दिसले सोने आणि निळा रंग.

ज्या फलकांवर रंग बऱ्यापैकी टिकला आहे ते जवळून पाहिले की कारखान्याची पद्धत कळते. संपूर्ण दगड रंगाने झाकण्याची रीत नव्हती. चेहरे, हात, अंगरख्यांचे मोठे पृष्ठभाग बहुधा उघडे ठेवले जात आणि तिथे दगडाची झिलईच त्वचेचे आणि कापडाचे काम करी. वस्त्राच्या काठाला सोनेरी पट्टी, वस्त्र जिथे उलटे होऊन आतली बाजू दिसते तिथे लाल किंवा निळे अस्तर, केसांना आणि दाढीला सोने. आकृतींच्या मागे वरच्या अर्ध्या भागात सोन्याचे आकाश. त्यावर लुकणाचे छोटे उंचवटे टिकलीसारखे बसवून वर सोने चढवलेले, म्हणजे मेणबत्तीच्या हलत्या उजेडात ते चमचमावे. पायांखाली गडद हिरवी जमीन आणि त्या हिरव्यावर ठरावीक अंतराने एक फूल : मधे तांबडा ठिपका, भोवती पांढऱ्या ठिपक्यांचे कडे. कुंचल्याचे टोक सहा-सात वेळा टेकवले की फूल तयार. ते इतके एकसारखे येते की एखाद्या संग्रहालयात नाव-गाव नसलेला फुटका तुकडा सापडला आणि त्याच्या हिरव्यात हे फूल दिसले, की हा माल इंग्लंडचा, हे जाणकार चटकन ओळखतात.

निळ्यासाठी अझुराइट हे तांब्याचे खनिज, तांबड्यासाठी हिंगूळ आणि शेंदूर, हिरव्यासाठी तांब्याचे क्षार, पांढऱ्यासाठी सफेदा. शेवटी डोळे. उघड्या दगडावर भुवयांची बारीक रेघ, पापणी, बुबुळ आणि ओठांना किंचित तांबडा. आपल्याकडे गणपतीच्या कारखान्यात अंगाचा रंग कोणीही देतो, पण डोळ्यांची आखणी मुरलेल्या हाताकडेच जाते; या फलकांवरची बुबुळे पाहताना ती आखणी आठवल्यावाचून राहत नाही. हौतात्म्याच्या प्रसंगांत मारेकऱ्यांचे चेहरे मात्र पुष्कळदा गडद रंगवलेले, वेडेवाकडे असत, म्हणजे मंदिराच्या अंधारात दुरून पाहणाऱ्या निरक्षर माणसालाही साधू कोण आणि दुष्ट कोण हे विचारावे लागू नये. सौंदर्यदृष्ट्या हा उपाय ओबडधोबड आहे, आणि काळा तो दुष्ट हा त्यातला संकेत आज खटकतो. पण तो वगळून या कलेचे वर्णन करणे म्हणजे तिला नसलेला सोवळेपणा बहाल करणे होईल.

फलकाची पाठ समोरच्या बाजूपेक्षा जास्त माहिती देते. ती खडबडीत असते, छिन्नीचे घाव तसेच सोडलेले. त्यात भोके पाडून पितळेसारख्या मिश्रधातूच्या तारा घातलेल्या आणि शिसे वितळवून ओतून त्या पक्क्या केलेल्या. याच तारांनी फलक लाकडी चौकटीला बांधला जाई. काही पाठींवर जुळणीच्या खुणा कोरलेल्या सापडतात : कोणता फलक कितवा, हे चौकट बसवणाऱ्याला कळावे म्हणून. थोडक्यात, वस्तू सुटी करून नेता येईल आणि दूरच्या गावी अनोळखी सुतारालाही जोडता येईल अशी तिची मूळ रचनाच होती. साधारण ४० सेंटिमीटर उंच, २५ रुंद आणि ४ जाड असा ठोकळा धरला तर कोरण्यापूर्वी त्याचे वजन सव्वानऊ किलोच्या आसपास भरते. असे पाच फलक आणि लाकडाची चौकट दोन-तीन पेट्यांत मावतात. विंडसरच्या दहा गाड्यांशी तुलना केली, तर एका सामान्य धर्मगुरूला हे दान परदेशी नेणे का शक्य झाले ते समजते.

नोंदीने ‘लाकूड’ हा शब्द आधी लिहिला आहे, याकडेही लक्ष द्यावे. अलाबास्टरचे फलक बहुतेक ठिकाणी चौकटीवाचून उरले. लाकूड कुजले, किडले, किंवा फलक सुटे विकता यावेत म्हणून विक्रेत्यांनीच काढून टाकले. चौकटीसह पूर्ण वेदीपट म्हणून टिकलेले नमुने थोडे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला ‘स्वानसी वेदीपट’ त्यांपैकी एक, आणि सान्तियागोचा दुसरा.

पाच प्रसंग

पहिल्या फलकात याकोब आणि योहान या जब्दीच्या दोघा मुलांना, मासेमारी सोडून मागे येण्यासाठी, ख्रिस्त बोलावतो. दुसऱ्यात ख्रिस्त शिष्यांना जगात पाठवतो. तिसऱ्यात याकोब उपदेश करतो. चौथ्यात हेरोद अग्रिप्पाच्या आज्ञेने त्याचा शिरच्छेद होतो. प्रेषितांपैकी ज्याच्या हौतात्म्याची कथा खुद्द बायबलमध्ये आली आहे असा हा एकच. पाचव्यात त्याचे शव नावेतून नेले जाते.

पाचवा प्रसंग बायबलमध्ये नाही, तो सान्तियागोचा स्वतःचा आहे. शिष्यांनी देह याफाहून नावेत ठेवला, नावेला सुकाणू नव्हते, तरी ती देवाच्या कृपेने गॅलिसियाच्या, म्हणजे सान्तियागोच्या प्रदेशाच्या, किनाऱ्याला लागली, अशी आख्यायिका. लोककथेत तर नावच दगडाची होते. या कथेवर सान्तियागोचे सारे माहात्म्य उभे आहे, कारण देह तिथे आला नसता तर यात्राही नसती. इंग्लंडच्या मध्य भागात, समुद्रापासून दूर बसलेल्या कारागिराने हा प्रसंग मालिकेच्या शेवटी ठेवला, म्हणजे कथा येरुशलेमच्या वधस्थळी न संपता ज्या देवालयात हा पट उभा राहायचा होता तिथे येऊन थांबते. हे सुचवणारा गुडयरच असला पाहिजे, असे मला वाटते. निदान यात्रेची माहिती असलेला कोणीतरी.

तारीख

२५ जुलै हा संत याकोबाचा सण रविवारी आला की सान्तियागोत ते पवित्र वर्ष मानले जाते आणि यात्रेकरूंना विशेष क्षमादान मिळते. १४५६ मध्ये २५ जुलै रविवारी होता. त्या वर्षीची गर्दी कशी होती हे एका प्रत्यक्षदर्शीने लिहून ठेवले आहे. ईटन कॉलेजचा फेलो विल्यम वे १७ मे रोजी प्लिमथहून निघाला आणि २१ मे रोजी आ कोरुन्याच्या बंदरात उतरला. त्याने बंदरातली जहाजे मोजली : एकूण ८४, त्यांतली ३२ इंग्लंडची. त्याच्याबरोबर निघालेल्या ताफ्यातले एक जहाज लिमिंग्टनचे होते, आणि लिमिंग्टन आइल ऑफ वाइटच्या बरोबर समोर आहे. २३ मे रोजी त्रैक्याचा रविवार हा ख्रिस्ती सण होता, जो वेने सान्तियागोतच पाळला. गुडयरच्या दानाची नोंद त्यानंतर दोनच दिवसांनी झाली.

गुडयर लिमिंग्टनच्याच जहाजातून आला, किंवा वे आणि गुडयर यांची गाठ पडली, असे सांगणारा कागद नाही आणि मी तसे म्हणणार नाही. परंतु दोघे एकाच आठवड्यात त्या एकाच गर्दीत होते, एवढे तारखाच सांगतात. फ्रान्समधून पायी जाणाऱ्या यात्रेकरूला महिने लागत; इंग्लंडचा यात्रेकरू अनुकूल वाऱ्यावर चार-पाच दिवसांत आ कोरुन्याला पोहोचे आणि तिथून सुमारे ७५ किलोमीटर चालला की कॅथेड्रल. यात्रेकरू नेण्यासाठी जहाजमालक राजाकडून परवाने काढत, परतताना दारू भरून आणत. वारी आणि व्यापार यांना एकच शीड पुरत असे. दगडाच्या पेट्या खेचरावर लादून पिरनीज पर्वत ओलांडण्यापेक्षा जहाजाच्या तळात ठेवणे किती सोपे, हे चेलच्या माणसाला कोणी शिकवायची गरज नव्हती.

अलाबास्टर परदेशी जाणे ही तेव्हा नवी गोष्ट नव्हती. १३८२ मध्येच पोपचा प्रतिनिधी कॉस्मो जेन्तिले याला मरिया, पेत्र, पौल आणि पवित्र त्रैक्य यांच्या अलाबास्टर मूर्ती इंग्लंडबाहेर नेण्याचा परवाना मिळाला होता. आइसलंडमधील मोद्रुवेत्लिर, डेन्मार्कमधील बोर्बियर्ग, इटलीतील नेपल्स, नॉर्मंडीतली कितीतरी गावे, या साऱ्या ठिकाणी इंग्लंडचे वेदीपट सापडतात. पण ते व्यापारातून गेलेले, किंवा पुढे सांगितलेल्या पडझडीतून बाहेर पडलेले.

मागे राहिलेल्यांचे काय झाले

गुडयरच्या दानाला शंभर वर्षेही झाली नव्हती तोच हा धंदा संपला. राजा आठव्या हेन्रीने मठ बंद केले तेव्हा मोठे गिऱ्हाईक गेले. त्याच्या मुलाच्या, सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत मूर्तींवरच गदा आली. १५५० च्या कायद्याने हुकूम केला की देवालयांतून काढलेल्या किंवा अद्याप तिथे असलेल्या दगडाच्या, लाकडाच्या, अलाबास्टरच्या आणि मातीच्या मूर्ती विद्रूप करून नष्ट कराव्यात. कायद्यात अलाबास्टरचे नाव वेगळे घ्यावे लागले, यावरून देवालयांत तो किती पसरला होता ते कळते. त्याच कायद्यात एक सवलत होती : राजे, सरदार किंवा इतर मृत व्यक्ती यांच्या समाधीवरच्या आकृतींना हात लावू नये, मात्र ती व्यक्ती संत म्हणून पूजली गेलेली नसावी. म्हणून इंग्लंडच्या देवालयांत आज अलाबास्टरचे सरदार आणि त्यांच्या पत्नी हात जोडून निजलेल्या दिसतात आणि संत दिसत नाहीत. बर्टनच्या कारागिरांनीही पुढे समाध्याच कोरल्या.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये फ्रान्समधील इंग्रज राजदूत सर जॉन मेसन याने लंडनला कळवले की इंग्लंडहून मूर्तींनी भरलेली तीन-चार जहाजे नुकतीच आली असून तो माल पॅरिस, रुआन आणि इतरत्र विकला गेला, लोक तो आवडीने घेत आहेत. नष्ट करायचा माल कोणीतरी परस्पर बंदराला नेला होता, हे उघड आहे. त्यामागे श्रद्धा किती आणि नफा किती, हे ठरवणे कठीण, दोन्ही असणार.

काहींनी तिसरा मार्ग धरला. नॉटिंगहॅमजवळच्या फ्लॉफर्ड येथील पडके देवालय उतरवत असताना १७७९ मध्ये फरशीखाली तीन अलाबास्टर मूर्ती निघाल्या : पोपच्या वेशातला पेत्र, बाळाला घेतलेली मरिया आणि एक बिशप. मूर्तिभंजनाच्या काळात कोणीतरी त्या पुरल्या असाव्यात. आक्रमणाच्या भीतीने विहिरीत सोडलेल्या देवमूर्तींच्या कथा ज्यांच्या गावी सांगितल्या जातात त्यांना हा प्रकार अपरिचित नाही. त्या मूर्ती आता नॉटिंगहॅमच्या संग्रहालयात आहेत, म्हणजे जिथे बनल्या त्याच्या जवळपास. पण कोणत्या वर्षी, कोणाच्या दानातून आल्या, हे त्यांच्याबरोबरच गाडले गेले.

गुडयरचा पट जमिनीत गाडावा लागला नाही, विकावा लागला नाही, त्याची तोडफोड झाली नाही. सतराव्या शतकात सान्तियागोची मुख्य वेदी बरोक थाटात नव्याने सजवली गेली, तेव्हाही हा पट कॅथेड्रलमध्येच राहिला. चेलच्या आपल्याच देवालयात तो ठेवला असता तर १५५० नंतर त्याचे काय झाले असते, हे वर आलेच आहे.

अभ्यासकांना त्याचा उपयोग

इंग्लंडमध्ये या शिल्पांकडे गांभीर्याने पाहणे उशिरा सुरू झाले. १९१० मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजने त्यांचे प्रदर्शन भरवले; पुढे डब्ल्यू. एल. हिल्डबर्ग या अमेरिकन संग्राहकाने युरोपभरच्या जुन्या बाजारांतून फलक गोळा केले आणि १९४६ मध्ये आपला सारा संग्रह व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला दिला. आता फलक होते, पण त्यांचा काळ ठरवायचा कसा? कारागिराची सही नाही, देवालय माहीत नाही, चौकट नाही. मग शस्त्रांची आणि चिलखतांची घडण, टोप्यांचे आकार, आकृतींच्या डोक्यावरच्या कोरीव छत्रीचे नक्षीकाम फलकातच आहे की वेगळे कोरून बसवले आहे, अशा खुणा लावून क्रम रचला गेला. असा क्रम केवळ सापेक्ष असतो. हा आधीचा, तो नंतरचा, एवढेच तो सांगतो. त्याला कुठेतरी खरी तारीख ठोकावी लागते.

सान्तियागोचा पट अशी एक खुंटी आहे. तो १४५६ च्या मे महिन्यानंतरचा असूच शकत नाही आणि नवाकोरा दिला असेल तर फार आधीचाही नाही. त्यामुळे डर्बी-नॉटिंगहॅमच्या परिसरात कोरलेल्या एखाद्या अनामिक फलकाचे दशक ठरवताना अभ्यासकाला गॅलिसियातल्या फलकांची छायाचित्रे शेजारी मांडावी लागतात : छत्रीची जाळी, अंगरख्याच्या घड्या, आणि रंग उरला असेल तर हिरव्यावरचे ते ठिपक्यांचे फूल.